चूक हाताची की कळीची?

(द्वितीय वर्ष, कला)

विमान कोसळले, बोटी आदळल्या, कारखान्यात कुणाचा हात सापडला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्द ठरलेल्या जागी ठरलेल्या ठशात भेटतात : ‘मानवी चूक’. हे दोन शब्द छापून आले की जणू चौकशी संपते. चुकणारा माणूस सापडला. आता त्याला घरी बसवले, किंवा तो आधीच देवाघरी गेला असेल तर त्याच्या घरच्यांना सांत्वनाचे पत्र धाडले, की फाईल बंद. यंत्र मात्र तेथेच असते. दुसरा माणूस येतो आणि त्याच कळीपुढे उभा राहतो.

या दोन शब्दांविरुद्ध मला तक्रार मांडायची आहे. माणूस चुकतच नाही असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. परंतु जिला आपण हाताची चूक म्हणतो ती पुष्कळदा कळीची, म्हणजे ती कळ जेथे आणि जशी बसवली त्या मांडणीची चूक असते. डोळ्यांपुढे जे दिसते आणि हाताला जे करावे लागते, त्या दोहोंचा मेळ घालणे हे यंत्र चालवणाऱ्याचे काम नव्हे. ते यंत्र घडवणाऱ्याचे काम आहे. ते त्याने केले नाही, तर पुढच्या अपघाताची अर्धी जबाबदारी त्याच्याकडे जायला हवी. प्रत्यक्षात ती जाते पगार कापून घेणाऱ्याकडे.

‘यंत्रांची ही चर्चा कला शाखेच्या मुलीने का करावी?’ असे कुणी विचारील. त्यांना नम्रपणे सांगते की हा विषय उभा केला तो मानसशास्त्रज्ञांनी. आमच्या पाठ्यपुस्तकात तो दीड पानात आटोपला आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून आम्ही ती पाने उलटून पुढे जातो, एवढेच.

पुराव्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या कोणत्याही वर्गात या. छताला पंखे दोन रांगांत, तीन-तीन असे टांगलेले. दिवे दोन्ही भिंतींवर. आणि दाराजवळच्या बोर्डावर दहा बटणे मात्र एका आडव्या ओळीत! सर वर्गात येतात, मागच्या बाकावरून ‘सर, पंखा’ अशी हाक येते. सर एक बटण दाबतात तर पुढचा दिवा लागतो, दुसरे दाबतात तर चालू असलेला पंखा बंद पडतो, तिसऱ्या प्रयत्नाला वर्ग हसतो. ज्यांनी पीएच.डी.चा जाडजूड प्रबंध लिहिला त्यांना जे बटण सापडत नाही, ते शिपाईकाकांना अंधारातही सापडते. कारण शिपाईकाकांनी तो बोर्ड पाठ केला आहे. पाठ करावा लागतो, याचाच अर्थ त्या बोर्डाला स्वतःचे काही सांगता येत नाही. तीच दहा बटणे छताच्या नकाशाप्रमाणे बसवली असती, म्हणजे पंख्यांची दोन रांगांत आणि दिव्यांची त्यांच्या दोन्ही अंगांना, तर पहिल्या दिवशी आलेल्या एफ.वाय.च्या मुलालाही विचारावे लागले नसते. खर्च? पैही जास्त नाही.

त्याच भिंतीवरची आणखी एक गंमत बघा. आपल्याकडे बटण खाली दाबले की दिवा लागतो. पण शेजारच्या पेटीतला एमसीबीचा खटका वर केला की चालू होतो. एकाच भिंतीवर, हातभर अंतरावर, ‘चालू’ या एका शब्दाच्या दोन दिशा! अमेरिकेत तर भिंतीवरचे बटणही वर केल्यावर चालू होते. म्हणजे ‘खाली म्हणजे चालू’ हा काही निसर्गनियम नव्हे. आपण तो अंगात मुरवून घेतला आहे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

या शास्त्राचा जन्म युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि उतरल्यावर पंखांमागच्या झडपा, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या आत घेण्याऐवजी चाकेच आत घेत. धडधाकट विमान पोटावर बसे. वैमानिक निष्काळजी आहेत, थकलेले आहेत, असे निदान तयारच होते. अल्फान्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात शिरून पाहिले. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका अगदी शेजारी शेजारी, दिसायला एकसारखे, हाताला लागायलाही एकसारखे. त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचे छोटेसे चाक बसवले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता बोटांना न बघता कळू लागले की आपण कशाला हात घातला आहे. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी गोल आणि फ्लॅपच्या दांड्याची मूठ पंखासारखी चपटी असते. अमेरिकेच्या हवाई नियमांतच तो आकार ठरवून दिलेला आहे.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी विमानातली नियंत्रणे हाताळताना झालेल्या ४६० चुका वैमानिकांकडून ऐकून गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे निम्म्या चुका एकाऐवजी दुसराच दांडा ओढल्याच्या होत्या. आणि का नसाव्यात? इंजिनाच्या जोराचा दांडा, पंख्याच्या पात्यांचा दांडा आणि इंधनमिश्रणाचा दांडा, हे तिघे एका विमानात एका क्रमाने उभे, तर दुसऱ्या विमानात भलत्याच क्रमाने. काल त्या विमानात बसलेला माणूस आज ह्या विमानात बसे. हात मात्र कालचाच असे. मला त्या अहवालातली सर्वांत आवडलेली गोष्ट त्याच्या शीर्षकात आहे. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत टाकले. दोन छोट्या खुणांनी त्यांनी न्यायनिवाडाच फिरवला असे मला वाटते.

पुढे १९५३ मध्ये फिट्स आणि सीगर यांनी एक साधा प्रयोग केला. दिव्यांच्या तीन निरनिराळ्या मांडण्या आणि हात ज्यांवरून सरकवायचा अशा तीन निरनिराळ्या मांडण्या. सगळ्यांच्या एकमेकींशी जोड्या लावून पाहिल्या. जेथे दिव्यांची मांडणी आणि हाताची मांडणी एका आकाराची होती तेथे हात जलद चालला आणि चुका कमी झाल्या. म्हणजे बोर्ड एकटा चांगला किंवा एकटा वाईट नसतो, जोडी चांगली किंवा वाईट असते. लग्नाच्या पत्रिका जुळवण्यात आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या दशांश वेळ कुणी बटणे आणि दिवे यांची पत्रिका जुळवण्यात घालवला असता तर!

आता स्वयंपाकघर. १९५९ साली चपॅनिस आणि लिंडेनबॉम यांनी चार बर्नरच्या शेगडीचा अभ्यास केला. बर्नर चौकोनात आणि खटके पुढे एका ओळीत असले, की कोणता खटका कोणत्या बर्नरचा हे शेगडी सांगू शकत नाही. डावीकडचे दोन खटके डावीकडच्या दोन बर्नरचे हे फार तर कळते. पण त्यांतला पुढचा कोणता आणि मागचा कोणता? त्यांनी चार मांडण्या करून पाहिल्या. ज्या मांडणीत मागचे बर्नर पुढच्यांच्या मानाने थोडे बाजूला सरकवले होते, म्हणजे वरून बघितल्यास चारही बर्नर डावीकडून उजवीकडे क्रमाने लागत आणि खालचे खटकेही त्याच क्रमाने, त्या मांडणीत एकही चूक झाली नाही. उरलेल्या तिन्हींत झाल्या. इतकी दशके लोटली, तरी आज दुकानात जाऊन चार बर्नरची शेगडी बघा. खटक्याजवळ चार ठिपक्यांचे एक चिमुकले चित्र असते आणि महिन्याभरात ते फोडणीच्या तेलाखाली जाते.

आमच्या घरी दोन बर्नरची शेगडी आहे. डावा खटका डाव्याचा, उजवा उजव्याचा, वाद नाही. परंतु माझी आई ज्या दोन घरी स्वयंपाकाला जाते त्या दोन्ही घरी चार बर्नरच्या शेगड्या आहेत आणि दोन्हींच्या खटक्यांचा क्रम निराळा आहे. सकाळी एक, दुपारी दुसरी. दूध उतू गेले किंवा रिकामे पातेले तापले की ‘किती वेळा सांगायचं तुम्हाला?’ हे तिला ऐकावे लागते. तिने मला एकदा विचारले, ‘दोन कंपन्यांनी एकमेकींना विचारलं नसेल का गं?’ मानसशास्त्राच्या वर्गात इतका नेमका प्रश्न मी अद्याप ऐकलेला नाही.

खटका फिरवण्याचेही एक शास्त्र आहे. रेडिओची खुंटी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की आवाज वाढतो, पंख्याचा रेग्युलेटर तसाच. नळ मात्र त्याच दिशेने फिरवला की बंद होतो. आपल्या गॅसचा खटका तर उलट दिशेने फिरवायचा. आधी मोठी ज्योत, आणि आणखी फिरवत नेला की बारीक. आता समजा, एका उभ्या पट्टीवर काटा वर-खाली सरकतो आणि तो सरकवायची खुंटी पट्टीच्या बाजूला आहे. खुंटी कोणीकडे फिरवावी? वॉरिक नावाच्या संशोधकाने १९४७ मध्ये दाखवून दिले की खुंटीची जी कड पट्टीला लागून असते ती ज्या दिशेने जाईल त्याच दिशेने काटा जावा, अशी लोकांची अपेक्षा असते. जणू खुंटीला दाते आहेत आणि ते काट्याला ढकलत आहेत. आता गंमत पाहा. खुंटी पट्टीच्या उजव्या अंगाला असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तिची आतली कड वर जाते, म्हणजे ‘घड्याळाप्रमाणे फिरवले की वाढते’ ही सवय आणि वॉरिकचा नियम हातात हात घालून चालतात. तीच खुंटी डाव्या अंगाला बसवली की दोघांचे भांडण सुरू! माणूस क्षणभर घुटमळतो, अर्धा फेरा चुकीचा फिरवतो आणि परत आणतो. खुंटी तीच, काटा तोच, फक्त चार बोटे इकडची तिकडे.

क्षणभराच्या घुटमळण्याने काय बिघडते, असे वाटेल. रेडिओपुढे काहीच बिघडत नाही.

माझे वडील एका फौंड्रीत क्रेन चालवतात. क्रेनच्या वर, केबिनमध्ये बसून नव्हे; खाली जमिनीवर चालत, वरून लोंबणारी बटणांची पेटी हातात धरून. तिला पेंडंट म्हणतात. तिच्यावर सहा बटणे : वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. ‘डावीकडे’ कुणाच्या? ज्याने पेटी बनवली त्याच्या मनातला माणूस बहुधा एकाच भिंतीकडे तोंड करून उभा होता. वडिलांना तर ओझ्याबरोबर चालावे लागते, तापलेल्या लेडलला वळसा घालावा लागतो, कधी ओझ्याच्या या बाजूला तर कधी त्या बाजूला उभे राहावे लागते. तोंड फिरले की डावे-उजवेही फिरते. ‘डावीकडे’ दाबले की ओझे त्यांच्या उजवीकडे जाते. ते दर वेळी मनातल्या मनात स्वतःला उलटे उभे करतात आणि मग बटण दाबतात. दिवसातून किती वेळा हे करीत असतील कोण जाणे.

तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीला एक मोल्डिंग बॉक्स जायचा त्याच्या विरुद्ध बाजूला गेला आणि खांबावर आपटला. सुदैवाने मधे कुणी नव्हते. वडिलांना मेमो मिळाला, त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता, आणि बॉक्सच्या दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले गेले. मेमो मीच त्यांना वाचून दाखवला, कारण तो इंग्रजीत होता. ‘एकवीस वर्षांत पहिल्यांदा,’ एवढेच ते म्हणाले. पेंडंटबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हते.

वस्तुतः यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पुष्कळ कारखान्यांत क्रेनच्या गर्डरवर खालून दिसतील अशी पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर ही अक्षरे बाणांसह रंगवलेली असतात आणि पेंडंटच्या बटणांवरही तीच अक्षरे असतात. माणूस कुठेही तोंड करो, पूर्व पूर्वेलाच राहते. माझ्या आजोळी कुणी डावे-उजवे म्हणतच नाही. ‘उगवतीच्या अंगाला सरक’, ‘मावळतीच्या बांधावर जा’, असेच म्हणतात. त्या बोलीतल्या कोणत्याही म्हातारीने ही पेटी पाहिली असती तर तिने पहिल्याच दिवशी खोट काढली असती. शेवटी वडिलांच्या खात्यातल्या वायरमनने ऑईलपेंटचा अर्धा डबा आणून चार भिंतींवर चार रंगांचे पट्टे ओढले आणि बटणांवर त्याच रंगांचे ठिपके दिले. साहेबांनी हरकत घेतली नाही, शाबासकीही दिली नाही. मागल्या वर्षी ओडिशाहून नवी मुले कामाला आली. त्यांना मराठी वाचता येत नाही. वडील त्यांना भिंत दाखवतात, बटण दाखवतात. शिकवणी तेवढ्यात संपते.

हे सर्व मी वर्गात मांडले तेव्हा एका मित्राने आक्षेप घेतला : ‘अगं, सवयीने सगळे जमते. सायकल नाही का जमत?’ आक्षेप खोटा नाही. सवयीने खरोखरच पुष्कळ जमते, आणि उलट्या मांडणीवरही लोक पोट भरतात. बैलगाडीत डावा कासरा ओढला की गाडी डावीकडे वळते. होडीच्या सुकाणूचा दांडा मात्र डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते, आणि कोकणातली पोरे ते लीलया करतात. मोठ्या जहाजांवर चाक आले तरी हुकूम जुन्या दांड्याच्याच भाषेत दिले जात. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकपुढे हिमनग दिसला तेव्हा हुकूम सुटला तो ‘स्टारबोर्ड’चा, म्हणजे उजवीकडचा; आणि जहाज वळले डावीकडे. ते चुकून नव्हे, त्या काळच्या रीतीप्रमाणेच. सुकाणूवरच्या माणसाने हुकूम बरोबर पाळला होता. तथापि, इतकी मुरलेली सवय असूनही जगाला ही रीत धोक्याची वाटली आणि १९२९ च्या सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून टाकले की यापुढे उजवीकडे म्हणजे जहाजही उजवीकडे. सवयीवर भागत असते तर हा खटाटोप कुणी केला असता?

सवयीची खरी परीक्षा संकटात होते. घाबरलेला माणूस नवे विसरतो आणि जुन्याकडे धावतो. विमानात ‘कृत्रिम क्षितिज’ नावाचे एक उपकरण असते. ढगांत किंवा अंधारात विमान कोणत्या बाजूला कलले आहे ते त्यावरून कळते. पाश्चात्त्य विमानांत त्यातले विमानाचे चित्र स्थिर राहते आणि क्षितिजाची रेघ कलते. खिडकीतून जसे दिसेल तसे. वैमानिक हाताने विमान डावीकडे कलवतो, तर रेघ उजवीकडे कललेली दिसते. जुन्या सोव्हिएत विमानांत क्षितिज आडवे राही आणि विमानाचे चित्र कलत असे : हात डावीकडे, चित्रही डावीकडे. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत. पण एकीत मुरलेला हात दुसरीत बसवला तर? १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियात पर्म शहराजवळ एक बोईंग ७३७ रात्रीच्या वेळी कोसळले आणि ८८ जण गेले. वैमानिकांची आधीची हयात जुन्या पद्धतीच्या विमानांत गेली होती. चौकशीत पुष्कळ दोष निघाले, प्रशिक्षण अपुरे होते, कप्तानाच्या शरीरात मद्याचा अंश सापडला, हे सांगायलाच हवे. परंतु त्या यादीत कृत्रिम क्षितिजाच्या दोन पद्धतींमधला हा फरकही होता.

याच उपकरणाची एक कथा आपल्या दाराशी घडली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समोर समुद्रात पडले. २१३ माणसे होती, एकही वाचले नाही. कप्तानापुढचे कृत्रिम क्षितिज बिघडून, विमान उजवीकडे कलले आहे असे दाखवीत राहिले. बाहेर काळा समुद्र आणि काळे आकाश, खरे क्षितिज दिसण्याची सोय नाही. चित्र म्हणते उजवीकडे कलले आहे, म्हणून हात विमानाला डावीकडे वळवतो. चित्र तरीही तेच म्हणते, म्हणून हात आणखी डावीकडे. सहवैमानिकापुढचे उपकरण खरे बोलत होते. उपकरणातील बिघाड आणि कप्तानाने इतर उपकरणांवरून खरी स्थिती न ओळखणे, असे दोन्ही चौकशीत नोंदले गेले. मी चौकशी करणाऱ्यांहून शहाणी नाही. पण मला राहून राहून वाटते की तो हात आयुष्यभर जे शिकला तेच करीत होता : डोळ्याचे ऐकत होता. दोन चित्रे दोन गोष्टी सांगतात आणि निवाड्याला काही सेकंद असतात, तेव्हा आपण मृतालाच विचारतो की तू का गोंधळलास.

चित्राने खरे बोलावे ही अपेक्षा फार मोठी नाही. पण ती सुद्धा पाळली जात नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माईल आयलंड येथील अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून अणुभट्टीचे पाणी निघून जात होते. फलकावरचा दिवा मात्र ‘बंद’ असे सुचवीत होता, कारण तो दिवा झडप बंद झाली हे दाखवत नव्हताच. बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच तो दाखवत होता! हुकूम गेला म्हणजे काम झाले, असे मानणारी कार्यालये आपण पाहिली आहेत; तसाच तो दिवा.

यंत्रे आधुनिक झाली की हे प्रश्न आपोआप सुटतील अशी आशा काही जण बाळगतात. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. तिच्यावर सुकाणू आणि इंजिने चालवण्यासाठी गुळगुळीत टचस्क्रीन बसवले होते. कोणत्या जागेवरून सुकाणू चालते आहे याचाच घोटाळा झाला. दोन बाजूंच्या इंजिनांची नियंत्रणे एकमेकांपासून सुटलेली होती, त्यामुळे वेग कमी करताना एकाच बाजूचा कमी झाला आणि नौका वळत गेली. जुने दोन दांडे असते तर एक पुढे आणि एक मागे आहे हे तळहाताला न बघता कळले असते. पुढे अमेरिकेच्या नौदलाने दांडे परत बसवायचे ठरवले. ज्यांच्याकडे पैशांचा तुटवडा नाही त्यांनाही हात विसरता येतो.

आता ‘खाली म्हणजे चालू’ या मुद्द्याकडे वळते. जुळणारी मांडणी कोणती, हे खोलीत बसून ठरवता येत नाही, कारण लोकांच्या अपेक्षा देशागणिक आणि धंद्यागणिक वेगळ्या असतात. ते ज्यांना यंत्र चालवायचे आहे त्यांना विचारावे लागते. आणि विचार केला की काय होते याचे उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे : मतदान यंत्र. उमेदवाराचे नाव, शेजारी चिन्ह, त्याच ओळीत निळे बटण, त्याच ओळीत लाल दिवा. डोळा ज्या ओळीत थांबला त्याच ओळीत बोट जाते आणि त्याच ओळीत उत्तर मिळते. माझ्या आजीला अक्षर ओळखत नाही, पण तेथे तिला कुणी शिकवावे लागले नाही. मतदान यंत्रावर वाद घालणाऱ्यांनी जरूर घालावा; बटणांच्या मांडणीवर मात्र घालायला जागा नाही.

तीच आजी एटीएमपुढे उभी राहिली की केविलवाणी होते. पडदा मधे, बटणे दोन्ही कडांना. पडदा काचेमागे खोल बसवलेला, म्हणून उभे राहणारा उंच असेल तर ओळ एका बटणासमोर दिसते आणि ठेंगणा असेल तर दुसऱ्यासमोर. आजी पाच फुटांहून बरीच कमी आहे. ‘पैसे काढणे’ ही ओळ तिला जेथे दिसते तेथले बटण दाबले की भलतेच काही येते. मागे रांग असते, आणि रांगेतला एखादा सुशिक्षित म्हणतो, ‘आजी, शिकलेल्या माणसाला बरोबर घेऊन यायचं.’ शिकलेल्या माणसाने काय करायचे असते? पडदा वाचायचा? तो तर मी वाचते. मीही वाकून, मान तिरपी करून, आजीच्या उंचीवर डोळे आणते, तेव्हा मलाही ओळ एक बटण सरकलेली दिसते.

आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजात आले, म्हणून घरच्या सगळ्या यंत्रांची दुभाषी मीच. हे काम मला अवघड नाही. पण ज्या गोष्टी डोळ्याने आणि हाताने आपसांत बोलून घ्यायच्या त्यांत दुभाषी लागावा हेच मला पटत नाही. यंत्र घडवणाऱ्यांच्या टेबलापाशी अभियंता असतो, हिशेबनीस असतो. तेथे एक खुर्ची क्रेनवाल्याची का नसावी? एक शेगडीपुढे उभी राहणारीची? आणि प्रश्न नीट विचारता येणाऱ्या, उत्तर नीट टिपून घेणाऱ्या एखाद्या मानसशास्त्राच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याची? इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की त्यांच्या प्रकल्पाच्या फलकावर बटणे कुठे बसवायची ते शेवटच्या दिवशी, जागा उरेल तसे ठरले.

आम्ही सहा जणांनी प्राचार्यांना एक अर्ज दिला आहे. आपल्या इमारतीतल्या वर्गांचे बोर्ड छताच्या मांडणीप्रमाणे बदलावेत, निदान जोडणी तरी अशी करावी की डावीकडून बटणे आधी पुढच्या रांगेच्या पंख्यांची, मग मागच्या रांगेच्या, आणि दिव्यांची सर्वांत शेवटी वेगळी. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनने एक बोर्ड उघडून पाहिला. नव्या वायरी लागणार नाहीत, आहेत त्याच आतून अदलाबदल करायच्या, एका वर्गाला अर्धा तास पुरेल, असे त्याने सांगितले. आजवर हे कुणी मागितलेच नव्हते, असेही तो म्हणाला.